स्टेपनी असते, पण निघते का?

अलास्कातला डाल्टन महामार्ग ४१४ मैल लांब आहे, म्हणजे सुमारे ६६६ किलोमीटर. तेलवाहिनीच्या बांधकामासाठी १९७४ साली तो काढला आणि आजही त्याचा बराचसा भाग खडीचाच आहे. कोल्डफूट ही छोटी वस्ती सोडली की पुढचं पेट्रोल आणि पुढचं गॅरेज थेट डेडहॉर्सला, २४० मैलांवर. या रस्त्याने जाणाऱ्यांना अमेरिकेचं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं स्पष्ट सांगतं की किमान दोन पूर्ण मापाच्या स्टेपन्या सोबत असू द्या, आणि त्याही डिस्कवर चढवलेल्या.

ही सूचना वाचून मोटरहोमवाला स्टेपन्या मोजतो. एक आहे, दुसरी विकत घेऊ, झालं. त्याच्या लक्षात येत नाही ते वेगळंच. दुसरी स्टेपनी तो आजच छतावर बांधेल किंवा सामानाच्या कप्प्यात टाकेल. ती हाताशी राहील. पहिली मात्र गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून पोटाखाली लटकलेली आहे आणि ती आजवर एकदाही खाली उतरलेली नाही. डाल्टनवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे धूळ उडत नाही. पण त्याच गुणामुळे गाडीखाली चिकटलेला चिखल लवकर वाळत नाही आणि त्याखालचं लोखंड गंजत राहतं. ज्या रस्त्यावर स्टेपनीची सर्वांत जास्त गरज, तोच रस्ता स्टेपनी धरून ठेवणारी यंत्रणा जाम करतो.

मोटरहोमच्या पुस्तकांत टायरवर पानंच्या पानं असतात, सोलरवर तर विचारू नका. स्टेपनी टांगण्याच्या चौकटीवर मात्र दोन ओळी मिळाल्या तर नशीब. म्हणून हे प्रकरण त्या चौकटीवर.

मुळात ती कुठे असावी हेच कुणी नीट ठरवलेलं नसतं. मोटरहोम दोन कारखान्यांत तयार होते. फोर्डसारखी कंपनी ई-४५० ही अर्धी गाडी बनवून देते. पुढे केबिन, इंजिन, आणि मागे चेसिसच्या दोन उघड्या तुळया. त्या तुळयांवर घर चढवतात ते दुसरेच. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीचं विनेबागो, किंवा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरातल्या अनेक कंपन्यांपैकी एखादी. घर बांधणारा गरज पडली तर तुळया मागे लांबवतो, त्यांच्या मधोमध सांडपाण्याच्या टाक्या बसवतो, जनरेटर टांगतो, गॅसची टाकी लावतो, मागच्या टोकाला गाडी ओढायचा हुक जोडतो. एवढं सगळं झाल्यावर जी जागा उरेल ती स्टेपनीची. ई-४५० ला बहुधा एलटी२२५/७५आर१६ मापाचे टायर असतात. असा टायर पाऊण मीटर व्यासाचा आणि जवळजवळ वीतभर जाड. डिस्कसकट वजन तीस किलोच्या आसपास. पाऊण मीटरची मोकळी चकती टाक्यांच्या गर्दीत मिळत नाही, म्हणून स्टेपनी ढकलत ढकलत मागच्या चाकांच्याही मागे, अगदी शेपटाकडे जाते.

तिथे ती गेली की तिच्या वजनाचं गणित बदलतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेचार मीटर अंतर आहे आणि स्टेपनी मागच्या चाकांच्या तीन मीटर मागे आहे, असं धरू. तीस किलो तिथे लटकवले की मागच्या चाकांवर पन्नास किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे वीस किलो कमी होतात. मागचा आस टेकू होतो आणि गाडीचं नाक तेवढं हलकं होतं. तीस किलोंनी काही बिघडत नाही. पण त्याच शेपटावर सायकली, पाण्याचे कॅन आणि दुसरी स्टेपनी लादणारे बहाद्दर असतात, आणि मग स्टिअरिंग हलकं का लागतंय म्हणून चौकशी करतात.

सगळ्याच मोटरहोमना स्टेपनी असते असंही नाही. बसएवढ्या मोठ्या, ‘ए’ वर्गाच्या डिझेल गाड्यांना साडेबावीस इंची चाकं असतात. तसलं एक चाक डिस्कसकट सत्तर-ऐंशी किलो भरतं. निवृत्त जोडपं रस्त्याच्या कडेला ते उचलेल अशी अपेक्षा गाडी बनवणाराही करत नाही. म्हणून यांतल्या कित्येक गाड्यांत स्टेपनीच दिलेली नसते. मालक वर्षाची वर्गणी भरून रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या सेवेवर विसंबतो. त्यांतले काही शहाणे डिस्क नसलेला नुसता टायर कप्प्यात बाळगतात. आडगावी मदतीला येणाऱ्याकडे यंत्र असतं, हात असतात, पण नेमका त्या मापाचा टायर नसतो. मला हा तोडगा पटतो. डाल्टनसारख्या रस्त्यावर जायचं नसेल तर एवढ्या मोठ्या गाडीला याहून जास्त करण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न मधल्या गाड्यांचा आहे. ई-४५० वर बांधलेल्या ‘सी’ वर्गाच्या, आणि व्हॅनमध्येच घर केलेल्या ‘बी’ वर्गाच्या. यांचं चाक माणूस बदलू शकतो, म्हणूनच त्यांना स्टेपनी दिलेली असते.

पोटाखाली स्टेपनी टांगायची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पोलादी दोराची. तिचं काम विहिरीवरच्या रहाटासारखं चालतं. एक छोटा ड्रम, त्यावर गुंडाळलेला करंगळीपेक्षा बारीक पोलादी दोर, दोराच्या टोकाला एक आडवी पट्टी. ही पट्टी तिरकी करून डिस्कच्या मधल्या भोकातून घालतात आणि पलीकडे आडवी करतात, की चाक तिच्यावर बसतं. मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा आत सरकवून फिरवला की दातऱ्या फिरतात, दोर गुंडाळला जातो आणि चाक वर चढतं. उलटा फिरवला की उतरतं. दांडा सोडला तरी चाक आपोआप खाली घसरत नाही, कारण आतली यंत्रणा वजनाच्या ओढीने फिरत नाही, फक्त दांड्याने फिरते. चाक पूर्ण वर टेकल्यावर आणखी फिरवलं तर आतला क्लच घसरतो आणि खटखट आवाज येतो. तो आवाज म्हणजे पुरे झालं.

यात मोडण्यासारखं काय आहे, असं वाटेल. तीन गोष्टी मोडतात, आणि तिन्ही न वापरल्याने.

पहिली दोराची. दोर अनेक बारीक तारांचा पिळलेला असतो. मीठ आणि पाणी पिळांच्या आत शिरतं आणि आतून तारा खातं. वरून दोर धडधाकट दिसतो. टोयोटाने एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख सिएना व्हॅन परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणाने. १९९८ ते २०१० च्या त्या गाड्या कडक हिवाळ्याच्या वीस राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये होत्या. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने स्टेपनीचा दोर गंजून तुटू शकत होता आणि चालत्या गाडीखालून चाक रस्त्यावर पडू शकत होतं. त्याच्या आधी नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच कंपनीने २००० ते २००३ च्या सुमारे १,१०,००० टुंड्रा पिकअप बोलावल्या होत्या. तिथे दोर नाही, तर स्टेपनी जिला टांगलेली होती ती मागची आडवी तुळईच गंजत होती. सिएना काही मोटरहोम नव्हे. पण तिच्याखाली असतो तसलाच दोर मोटरहोमच्याही पोटाखाली असतो, आणि मोटरहोम वर्षातले आठ-नऊ महिने ओल्या गवतावर उभी असते. नुसती उभी राहणारी गाडी गंजत नाही, हा समज कुठून आला कोण जाणे.

दुसरी गोष्ट दातऱ्यांची. त्यांच्या घरात कारखान्यात घातलेलं ग्रीस वर्षांनुवर्षं सुकतं, त्यात धूळ जाते आणि त्याचं खपलीसारखं काहीतरी होतं. दांडा फिरवला की फिरत नाही. जोर लावला की दांड्याच्या टोकाचा चौकोन गोल होतो. मग तो कशानेच फिरत नाही.

तिसरी गोष्ट गमतीची आहे, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत घडली तर. दोर तुटून चाक रस्त्यावर पडू नये म्हणून काही रहाटांत जादा खटका असतो. शेव्हरोलेच्या व्हॅन आणि पिकअपखाली तो आढळतो. चाक वर गेलं की हा खटका पट्टीला धरतो. दोर तुटला तरी चाक खटक्यावर राहतं. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण खटका गंजला की दोर शाबूत असूनही चाक सुटत नाही. तुम्ही दांडा उलटा फिरवत राहता, दोर ढिला होऊन आतल्या आत गुंता करतो, आणि चाक जागचं हलत नाही. अशा वेळी उलटं फिरवणं थांबवा. चाक आधी पूर्ण वर घट्ट करा, दोन खटके ऐकू येईपर्यंत, आणि मग सावकाश खाली सोडा. दोन-तीनदा असं केलं की बहुतेक वेळा सुटतं. नाहीच सुटलं तर चाकाखाली जॅक आणि त्यावर फळी लावून आधार द्यायचा, मगच पुढची खटपट. कोणत्याही परिस्थितीत लटकत्या चाकाखाली डोकं किंवा हात घालायचा नाही. तीस किलोचं चाक हातभर उंचीवरून मनगटावर पडलं तर सहलीचा उरलेला भाग इस्पितळात जातो.

एक मोह टाळायला हवा. हाताने फिरवायला वेळ लागतो म्हणून काही जण दांड्याला ठोके देणारी बॅटरीची मशीन लावतात. गॅरेजात चाकाचे नट खोलायला ती झकास आहे, पण या रहाटाला ती चालत नाही. क्लच आणि दातऱ्या तिच्या ठोक्यांनी फुटतात. गाडी बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत याबद्दल स्पष्ट ताकीद असते. हातानेच फिरवा. वेळ लागू द्या.

मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनचा प्रकार निराळा आहे, आणि तिच्यावर बांधलेल्या मोटरहोम अमेरिकेत आणि युरोपातही भरपूर आहेत. इथे दोर नाही. चाक एका लोखंडी पाळण्यात आडवं ठेवलेलं असतं; पाळण्याचं एक टोक बिजागरीवर, दुसरं टोक दोन आकड्यांवर. मागचं दार उघडून पायरीजवळची झाकणं काढायची, आत दिसणारे दोन बोल्ट पान्याने बरेच फेरे उलटे फिरवायचे, पाळणा किंचित वर उचलून आधी एक आकडा, मग दुसरा सोडवायचा आणि पाळणा हळूहळू जमिनीवर टेकवायचा. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ‘किंचित वर उचलून’ या शब्दांत चाकाचं आणि पाळण्याचं बरंच वजन टॉमीच्या टोकावर येतं, तेही गुडघ्यावर बसून. इथे दुसरा माणूस हवा. एकट्याने करायचं असेल तर पाळण्याखाली छोटा जॅक लावून त्यावर वजन घ्या. आणि ते दोन बोल्ट लांब आट्यांचे असल्याने त्यांच्यावर गंज चढला की पाना फिरतो, बोल्ट नाही. हे बोल्ट खोलून त्यांच्या आट्यांना जाम न होऊ देणारी, तांब्याची किंवा निकेलची पेस्ट लावून ठेवली तर ही कटकट कायमची जाते.

तिसरी जागा म्हणजे गाडीची पाठ. दिसायला ही सर्वांत सोयीची. चाक समोर दिसतं, कव्हर घालता येतं, चार नट काढले की हातात. मला मात्र ही जागा सर्वांत संशयास्पद वाटते. मोटरहोमची मागची भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, मधे फोम, आणि आत लाकडी किंवा ॲल्युमिनियमची हलकी चौकट. ती पाऊस अडवते. तीस किलो तिने दर खड्ड्यागणिक झेलत राहावं अशी तिची रचना नाही. खड्ड्यात गाडी आपटली की क्षणभर चाकाचं वजन दुप्पट-तिप्पट लागतं, आणि ते भिंतीपासून वीतभर बाहेर लटकत असल्याने बोल्टांना बाहेर खेचतं. चौकट भिंतीतून खाली चेसिसला जोडलेली असेल तर ठीक. नुसती भिंतीला असेल तर बोल्टांभोवती बारीक तडे, फुगलेला पत्रा किंवा आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो का ते पाहा. पाणी शिरलं की भिंतीतलं लाकूड कुजतं आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टायरच्या कितीतरी पट होतो.

बंपरवर स्टेपनी लावणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. अमेरिकी ट्रेलरचा आणि काही मोटरहोमचा मागचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ नळी. तिच्यात सांडपाण्याचा पाइप गुंडाळून ठेवायचा असतो. पत्रा पातळ, तुळईला जोडणारं वेल्डिंग जेमतेम. तिच्यावर बाजारात मिळणारा स्टँड आवळून स्टेपनी चढवली की वेल्डिंगला रोज पीळ बसतो. बंपर, स्टँड, स्टेपनी आणि सांडपाण्याचा पाइप असा सगळा ऐवज महामार्गावर गळून पडल्याची उदाहरणं आहेत. बंपरवर लावायचीच असेल तर बंपरची जोडणी आधी मजबूत करून घ्या, किंवा थेट तुळयांना बोल्ट केलेल्या हुकाच्या आधारावर झुलती चौकट बसवा. ती बाजूला फिरवली की मागचं दारही उघडतं.

आता कारखान्याला दोष देता येणार नाही अशी एक अडचण. अमेरिकेत मोटरहोमच्या मागे छोटी मोटार ओढत न्यायची पद्धत आहे. मुक्कामाला पोचल्यावर गावात फिरायला ती लागते. त्यासाठी बसवलेला हुक, त्याच्या विजेच्या वायरी आणि ओढायचा दांडा नेमके त्या भोकासमोर येतात जिथून रहाटाचा दांडा आत घालायचा असतो. हुक बसवणाऱ्याला स्टेपनीशी देणंघेणं नसतं. हुक बसवून घेतलात की त्याच दिवशी, त्याच दुकानाच्या आवारात, दांडा आत जातो का ते बघा. तिथे आडवी पट्टी कापून द्या म्हणता येतं. मोन्टानात रात्री नऊला म्हणता येत नाही.

चाक खाली उतरलं म्हणजे बाहेर निघालं असंही नाही. मागचं चाक बसलं असेल तर गाडीचं शेपूट आधीच खाली आलेलं असतं. वीतभर जाडीचं चाक जमिनीवर ठेवून बंपरखालून ओढायला तेवढी फट लागते, ती नसते. मग आधी गाडी जॅकने उचलायची, मग स्टेपनी ओढायची. जॅक लावताना तो आसाखाली लावा, चेसिसच्या तुळईखाली नाही. तुळई उचलली तर पाटे लोंबतात आणि चाक जमिनीलाच चिकटून राहतं. गाडी समतोल करायला बसवलेले पाय असतात, त्यांवर गाडी उचलून चाक बदलू नका. ते त्या कामाचे नाहीत. मागे जोडचाकं असतील तर एक सोपी युक्ती आहे. बाहेरचा टायर बसला असेल तर आतला चांगला टायर लाकडी ठोकळ्यावर चढवा. बाहेरचा हवेत राहतो आणि जॅकचं अर्धं काम वाचतं.

जोडचाकांमुळे आणखी एक फसगत होते. आतला टायर बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो, त्यामुळे चालवणाऱ्याला काही कळत नाही. आणि बाहेरचा दुप्पट ओझ्याने तापून तोही जातो. आपल्याकडे ट्रकचे क्लीनर प्रत्येक थांब्यावर टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतात. अमेरिकी ट्रकवालेही हेच करतात, फक्त त्यांचा दांडा दुकानात विकत मिळतो. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर बसवले असतील तर एक सेन्सर स्टेपनीलाही बसवा. सेन्सर नसेल तर स्टेपनी चढवताना वॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असं बघा, म्हणजे ती न उतरवता हवा तपासता येईल. डिस्कच्या आकारामुळे चाक एकाच बाजूने नीट बसत असेल तर वॉल्व्हला छोटी धातूची नळी जोडून घ्या. रबरी नळ्या गळतात.

हवा किती? त्या मापाच्या ई-दर्जाच्या टायरची कमाल हवा ८० पीएसआय असते, आणि स्टेपनीत तेवढी भरून ठेवावी. पुढच्या चाकाला कमी लागत असेल तर रस्त्यावर काढून टाकता येते. घालायला मात्र पंप लागतो.

हवा ठीक असली तरी टायर ठीक असेलच असं नाही. मोटरहोमचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त मरतात, आणि स्टेपनी तर कधीच झिजत नाही. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. ३५१८ म्हणजे २०१८ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. कित्येक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, मग तो स्टेपनीचा असला तरी. मिशलिनसारखे टायरवाले दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्याला झाकतं. एका जागी लटकलेल्या टायरला हे संरक्षण मिळत नाही. पाठीवर टांगलेला असेल तर वर ऊनही आहे. कव्हर घालण्याचं कारण ते, शोभा नव्हे.

नवी कोरी स्टेपनी झिजलेल्या टायरच्या जोडीला लावली की तिचा व्यास थोडा मोठा असतो आणि ओझं तिच्यावरच जास्त येतं. जोडचाकांच्या व्यासांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नसावा असा संकेत आहे. पुढच्या गावापर्यंत जायला हरकत नाही. त्यावर हजार मैलांची सहल पुरी करायची नाही.

देखभालीचं काम वर्षातून दोनदा, एकदा हंगामाआधी आणि एकदा संपल्यावर. स्टेपनी पूर्ण खाली घ्या, दोर शेवटपर्यंत सोडा. पाण्याने धुऊन मीठ-चिखल काढा आणि वाळू द्या. जाड हातमोजा घालून दोरावरून हात फिरवा. मोज्यात एखादी तार अडकली तर दोर संपला, नवा रहाट आणा, तो फार महाग नसतो. दातऱ्यांच्या घरात लिथियम ग्रीसचा फवारा, दोराला पोलादी दोरांसाठी मिळणारं पातळ तेल. दोरावर घट्ट ग्रीस थापू नका. त्यात वाळू चिकटते आणि ती कानशीचं काम करते. गंज सोडवणारा स्प्रे जाम झालेली गोष्ट सुटायला चांगला, पण तो उडून जातो. वंगण म्हणून त्याच्या भरवशावर राहायचं नाही. ॲल्युमिनियमची डिस्क लोखंडी पट्टीवर टेकत असेल तर मधे प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा घाला. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं. परत वर चढवताना खटखट आवाज येईपर्यंत घट्ट करा, आणि थोडं अंतर चालवून चाक हाताने हलवून बघा. हलत असेल तर ते दर खड्ड्याला दोरावर आपटणार.

हा सगळा व्यायाम करताना गाडीतला पाना आणि टॉमीच वापरायचा. घरी गॅरेजातला मोठा पाना असतो, रस्त्यावर नसतो. ई-४५० च्या चाकाचे नट १४० फूट-पाउंडांनी आवळलेले असतात. ते जेमतेम जमतं. साडेबावीस इंची चाकांना ४५० ते ५०० लागतात, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला बासष्ट किलोंचा माणूस लोंबकळला तर कुठे खालची मर्यादा गाठते. पाळण्याच्या बोल्टांना सांगितलेली ती पेस्ट चाकांच्या नटांना मात्र लावायची नाही. घर्षण घटतं, नट वाजवीपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणून तुटतो. मोठ्या चाकांच्या नटांना तेलाचे दोन थेंब चालतात, तेवढेच. चाक बदलल्यावर शंभर मैलांच्या आत नट पुन्हा आवळायचे.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेले बरेच मराठी आईवडील भाड्याची मोटरहोम घेऊन यलोस्टोनची वाट धरतात. त्यांना एवढंच सांगणं, की किल्ली हातात घेण्याआधी स्टेपनी आहे का, ती काढायचा दांडा गाडीत आहे का आणि चाक बदलायची तुम्हाला परवानगी आहे का, हे तिन्ही नीट विचारून घ्या. कित्येक ठिकाणी उत्तर असतं की स्टेपनी नाही, या क्रमांकावर फोन करा. मग तो क्रमांक कागदावर लिहून घ्या. डोंगरात फोनला नेटवर्क नसतं, पण शेजारून जाणाऱ्याला कागद देता येतो.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि इथेही अशा गाड्या बांधल्या जाऊ लागल्या आहेत. बांधून घेत असाल तर नकाशावर पलंग आणि शेगडीच्या आधी स्टेपनीची जागा आखून घ्या. आणि मोटरहोमशी तुमचा काही संबंध नसला, पण दारात इनोव्हा असली, तर हा रहाट तुमच्याही गाडीखाली आहे. कोकणात गाडी नेत असाल तर पावसाळा संपल्यावर एका रविवारी स्टेपनी खाली घ्या, धुवा, हवा बघा आणि परत चढवा. अर्ध्या तासाचं काम आहे.